ओढीतून येणारा ताठपणा

सातारा-सांगलीकडच्या कोणत्याही घरी दुधाची रिकामी पिशवी सापडेल. तिची पट्टी कापून हळूहळू ओढावी. आधी ती सहज लांबते, मग ताठ होऊन बोटांत रुतते. द्रव्य तेच, पॉलिथीन. मग ताठपणा आला कोठून?

पॉलिथीनचा रेणू म्हणजे कार्बनची लांबलचक साखळी. या साखळ्या काही ठिकाणी घड्या घालून स्फटिकांत बसतात, एरवी गुंतवळासारख्या असतात. ओढले की घड्या उलगडून साखळ्या समांतर होतात. ताण थेट कार्बनच्या बंधांवर येतो. १९८० मध्ये हॉलंडच्या स्मिथ व लेमस्ट्रा यांनी द्रावणातून काढलेला असा धागा सुमारे तीसपट ओढला. त्याचा ताठपणा पोलादाच्या जवळजवळ निम्मा भरला. मात्र आडव्या दिशेने तो दुबळाच, आणि भार दीर्घकाळ टांगला तर साखळ्या सरकून तो लांबत जातो. दोर निवडणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.