समोरच्याच्या हातातला फोन

राजेश टोपेंवरचा भाग वाचून परतूरच्या एका वाचकांनी विचारलं आहे, ‘करोनात आरोग्यमंत्री टोपे स्वतःच्या सोशल मीडिया खात्यावरून बोलत होते, ते समजलं. पण मनोज जरांगे यांना तर सगळा मराठवाडा मोबाइलवर ऐकतो. त्यांचं खातं कोण सांभाळतं?’ प्रश्न मोलाचा आहे, म्हणून कबूल केलेला निवडणूक खर्चाचा हिशेब आठवडाभर मागे ठेवतो.

अंतरवाली सराटीत खात्यावर फारसं काही अडलंच नव्हतं. जालना जिल्ह्यात अंबड तालुक्यातल्या या गावात २९ ऑगस्ट २०२३ रोजी मराठा आरक्षणासाठी जरांगे यांचं उपोषण सुरू झालं. १ सप्टेंबरला पोलिसांचा लाठीमार झाला आणि तिथे हजर असलेल्यांनी काढलेले व्हिडिओ हां हां म्हणता व्हॉट्सअ‍ॅपवरून राज्यभर गेले. आधी दगडफेक झाली की लाठीमार, यावर वाद पेटला. त्या वादातही दोन्ही बाजू मोबाइलमधलीच दृश्यं पुढे करत होत्या. दुसऱ्या दिवशी शरद पवार आणि उद्धव ठाकरे गावात आले. ४ तारखेला गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी लाठीमाराबद्दल क्षमा मागितली. १४ तारखेला खुद्द मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी येऊन जरांगे यांना रस पाजला. एका गावातलं उपोषण पंधरा-सोळा दिवसांत इथवर पोहोचलं, ते तिथे उभ्या असलेल्या माणसांच्या खिशातल्या फोनांमुळे.

पुढे त्यांच्या प्रत्येक सभेत हेच दिसलं. जरांगे आपल्या रोजच्या बोलीत, हातात कागद न घेता बोलतात आणि समोरचे जो तो आपापल्या पेजवरून लाइव्ह करतात. गावोगावच्या यूट्यूबवाल्या पोरांचे माइक असतातच. पुण्या-मुंबईत कामाला गेलेला जालन्याचा माणूस ते खोलीवर बसून ऐकतो.

हाच फोन नेत्याला अडचणीतही आणतो. मे २०१७ मध्ये जालन्यात कार्यकर्त्यांसमोर बोलताना भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष रावसाहेब दानवे तूर खरेदीवरून शेतकऱ्यांबद्दल अपशब्द बोलून गेले. त्यांच्या अधिकृत पानावर ते वाक्य कधीच आलं नसतं. कुणीतरी टिपलेली चित्रफीत राज्यभर फिरली आणि दानव्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. माझ्या लेखी जिल्ह्याच्या राजकारणातलं हे मोठं वळण आहे. नेता काय बोलला हे ठरवण्याचा हक्क त्या दिवशी ऐकणाऱ्याकडे आला.

सरकारनेही ते ओळखलं आहे. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी जरांगे मुंबईला निघाले आणि भांबेरीपर्यंत गेले. २६ तारखेला अंबड तालुक्यात संचारबंदी लागली. जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट बंद झालं. एखाद्याचं खातं बंद करायला माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६९ अ हे कलम आहे. पण बोलणं जर हजारो फोनांत विखुरलेलं असेल, तर बंद करायचं कोणाचं? मग अख्खा जिल्हाच बंद होतो. तेव्हा लागू असलेल्या २०१७ च्या नियमांप्रमाणे असा आदेश सामान्यतः राज्याच्या गृह सचिवांनी काढायचा असे, जिल्हाधिकाऱ्यांनी नव्हे. आणि अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी बजावलं आहे, की आदेश जाहीर केला पाहिजे आणि बंदी गरजेपुरतीच हवी.

२६ फेब्रुवारीला जिल्ह्यातल्याच तीर्थपुरीत एसटी जाळली गेली, म्हणजे भीती खोटी नव्हती. तरीही जिल्हाभराची बंदी मला पटत नाही. नेट गेलं की मोंढ्यातला ऑनलाइन व्यवहार अडतो, पोरांचे परीक्षेचे अर्ज अडतात. त्याहून वाईट म्हणजे अफवा खोडून काढणारा तहसीलदाराचा किंवा पोलिसांचा संदेशही लोकांपर्यंत जात नाही. अफवा मात्र तोंडोतोंडी चालतच राहते. जरांगे यांनी तेव्हा सुरू असलेलं उपोषण मागे घेतलं तेही २६ तारखेलाच. तणाव निवळवणारी ती बातमी सगळ्यांत आधी ज्या लोकांना कळायला हवी होती, नेट त्यांचंच बंद होतं.

आता खर्चाचं. निवडणूक आयोगाने २५ ऑक्टोबर २०१३ रोजी उमेदवाराच्या सोशल मीडिया खात्यांची माहिती प्रतिज्ञापत्रात मागायला सुरुवात केली. तिथल्या जाहिराती आणि त्या तयार करणाऱ्यांचे पगारही निवडणूक खर्चात धरले. पण समर्थकाने स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या डेटावर केलेलं लाइव्ह कोणाच्या खर्चात धरायचं? पुढच्या भागात तिथूनच सुरुवात करू.