रक्त कुणाचं, ते आधी सांगा

जॅक केचम यांच्या ‘द गर्ल नेक्स्ट डोअर’ या कादंबरीत शेवटाकडे एक अगदी छोटं प्रकरण येतं. तोवर पानामागून पान एका मुलीचा छळ चाललेला असतो आणि वाचकाला नजर चुकवायला जागा नसते. या प्रकरणात मात्र निवेदक अडतो. इथे जे घडलं ते मी सांगणार नाही, असं बजावून तो पुढे जातो. क्रौर्याच्या बाबतीत जिचं नाव आजही आधी घेतलं जातं, त्या कादंबरीत लेखकाने एका ठिकाणी हात आखडता घेतला आहे. आणि तीच जागा मला सर्वांत असह्य झाली. एक्स्ट्रीम हॉरर म्हणजे नुसता रक्ताचा सडा, असं कुणी म्हणालं की मी आधी या प्रकरणाबद्दल सांगते.

हा भयकथेचा असा प्रकार, की त्यात सूचकतेच्या आडोशाला जायची सोय नाही. आपण नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचून वाढलो. त्यांच्या कथांत काहीतरी असतं, पण ते धड दिसत नाही. जिन्यावर पाऊल वाजतं आणि आपलं मन उरलेलं काम करतं. धारपांचं ‘लुचाई’ मी शाळेत असताना वाचलं. ते स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेलं आहे हे कळायला मला बराच काळ जावा लागला. एक्स्ट्रीम हॉररचा लेखक जिन्यावर थांबत नाही. जखम, यातना, कुजणं, शरीराची विटंबना, लैंगिक हिंसा, जे असेल ते तो उजेडात आणून ठेवतो.

माणसाला हे पाहायची ओढ नवी नाही. पॅरिसमध्ये १८९७ साली सुरू झालेलं ग्राँ गिन्योल नावाचं थिएटर मुख्यतः याच गोष्टीवर १९६२ पर्यंत चाललं. किती प्रेक्षक चक्कर येऊन पडले यावर तिथे प्रयोगाचं यश मोजत. पुस्तकांत आजचं वळण आलं ते १९८० च्या दशकात. क्लाइव्ह बार्कर या इंग्रज लेखकाचे ‘बुक्स ऑफ ब्लड’ हे सहा कथासंग्रह १९८४-८५ मध्ये आले. १९८६ साली अमेरिकेत प्रॉव्हिडन्स इथे, म्हणजे भयकथाकार लव्हक्राफ्टच्याच गावात, भरलेल्या संमेलनात डेव्हिड शो या लेखकाने या नव्या लेखनाला ‘स्प्लॅटरपंक’ हे नाव दिलं. आज ते नाव आणि ‘एक्स्ट्रीम हॉरर’ हे दोन्ही शब्द चालतात. ब्रायन कीन आणि रॅथ जेम्स व्हाइट या लेखकांनी सुरू केलेले स्प्लॅटरपंक पुरस्कार २०१८ पासून दिले जातात. पुस्तकं बहुतेक छोट्या प्रकाशकांची किंवा लेखकांनी स्वतःच काढलेली. आपल्यापर्यंत पोहोचतात ती प्रामुख्याने किंडलवर.

मी कोल्हापुरात वकिली करते. बरीचशी कामं मोटार अपघाताच्या क्लेमची. ऑफिसातली ज्युनिअर मुलगी एकदा माझ्या किंडलवर डोकावली आणि म्हणाली, “मॅडम, दिवसभर पीएम रिपोर्ट वाचता आणि घरी जाऊन पुन्हा हेच? झोप कशी लागते तुम्हाला?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर त्या पीएम, म्हणजे पोस्टमॉर्टेम, रिपोर्टमध्येच आहे. त्यातला १७ वा रकाना बाहेरून दिसणाऱ्या जखमांचा. जखम किती सेंटिमीटर लांब, किती रुंद, कुठल्या अंगाला. पंचनाम्याचं मराठीही ठरलेलं: डोक्यास गंभीर दुखापत होऊन जागीच मयत. मग आम्ही मयताचं वय पाहतो, उत्पन्न पाहतो, सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ मधल्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यातून गुणक घेतो. वय १५ ते २५ असेल तर १८, पुढे वय वाढेल तसा कमी. आकडा निघतो. हे असंच व्हायला हवं, कारण मागे राहिलेल्यांचं घर त्या आकड्यावर चालणार असतं. पण त्या माणसाला दुखलं किती, कुणाला हाक मारावीशी वाटली, हे लिहायला त्या अख्ख्या फाइलमध्ये एकही रकाना नाही. मी हे साहित्य वाचते ते त्यासाठी. शरीराला इजा होते म्हणजे नेमकं काय होतं, आणि ती कुणाला होते, हे इतक्या निर्धाराने सांगणारं दुसरं लेखन मला सापडलेलं नाही.

स्टीफन किंग यांनी ‘डान्स माकाब्र’ या १९८१ च्या पुस्तकात भयाच्या तीन पायऱ्या मांडल्या आहेत. सर्वांत वर न दिसणाऱ्याची धास्ती, त्याखाली दिसणाऱ्याची भीती, आणि अगदी तळाला किळस. पहिली दोन साधत नसतील तर आपण किळशीवर येतो, असं ते मोकळेपणाने कबूल करतात. किंग यांच्याबद्दल मला आदर आहे, पण ही उतरंड मला मान्य नाही, आणि भरतमुनींनाही ती मान्य झाली नसती. नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत. त्यातले चार मूळचे, आणि त्या चारांत बीभत्स आहे. भयानक त्या चारांत नाही. तो बीभत्सातून उपजतो, असं भरतमुनी सांगतात. म्हणजे ज्याला आपण खालच्या दर्जाचं म्हणून नाक मुरडतो, ते इथे भयाचं उगमस्थान आहे. त्याच ठिकाणी आणखी एक जोडी दिली आहे: रौद्रातून करुण. ही जोडी ध्यानात ठेवा. एक्स्ट्रीम हॉररचं चांगलं पुस्तक आणि वाईट पुस्तक यांतला फरक मी याच जोडीवर ओळखते.

आपल्या मातीतल्या एका नाटककाराने हे करूनही दाखवलं आहे. भवभूतीचं घराणं विदर्भातल्या पद्मपूरचं. त्याच्या ‘मालतीमाधव’च्या पाचव्या अंकात नायक माधव स्मशानात नरमांस विकायला जातो, तिथे पिशाच्चं प्रेतं सोलून खात असतात, आणि पलीकडे चामुंडेच्या देवळात मालतीला बळी द्यायची तयारी चाललेली असते. त्यातलं प्रेत खाणाऱ्या पिशाच्चाचं वर्णन मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त बीभत्साचा नमुना म्हणून घेतलं. प्रेमकथेच्या ऐन मध्यावर हा अंक आहे. भवभूतीला त्याची लाज वाटली नाही, आणि नंतरच्या पंडितांनाही वाटली नाही.

आता पुन्हा केचम, कारण माझ्या मते या प्रकारातला सर्वांत मोठा लेखक तोच. खरं नाव डॅलस मेयर, जन्म १९४६, मृत्यू २०१८. २००३ साली किंग यांना अमेरिकेतल्या नॅशनल बुक फाउंडेशनचं पदक मिळालं, तेव्हा त्यांनी भाषणात ज्या दुर्लक्षित लेखकांची नावं घेतली त्यांत केचमचं होतं. ‘द गर्ल नेक्स्ट डोअर’ १९८९ साली आली. तिच्या मागे खरी घटना आहे. १९६५ साली इंडियानापोलिस शहरात सिल्विया लायकन्स या १६ वर्षांच्या मुलीचा छळातून मृत्यू झाला. तिचे आईवडील जत्रांबरोबर फिरत काम करायचे. सिल्विया आणि तिच्या धाकट्या बहिणीला त्यांनी आठवड्याला २० डॉलर देऊन गर्ट्रूड बॅनिशेव्हस्की या बाईकडे ठेवलं होतं. त्या बाईने, तिच्या पोरांनी आणि शेजारपाजारच्या मुलांनी मिळून ते केलं. बाईला १९६६ साली जन्मठेप झाली आणि १९८५ साली ती पॅरोलवर सुटली.

केचम ही घटना १९५८ च्या उन्हाळ्यात नेतो आणि शेजारच्या डेव्हिड नावाच्या पोराच्या तोंडून सांगतो. पुस्तकाच्या सुरुवातीला हा डेव्हिड ओढ्याकाठच्या खडकावर पालथा पडून क्रेफिश पकडतोय. सिल्वियाच्या जागी असलेली मेग येते, त्याच्याशी बोलते, त्याला ती आवडून जाते. बस, एवढंच. पण या ओढ्यामुळे मेग आपल्याला आधी माणूस म्हणून भेटते. हसणारी, पाण्यात हात घालणारी. मेग जिच्याकडे राहते त्या रूथचं घर म्हणजे मुलांचा अड्डा, कारण ही बाई पोरांना बिअर पिऊ देते, मोठ्यांसारखं वागवते. घराखाली अणुबॉम्बच्या भीतीने बांधलेलं तळघर. तिथे हळूहळू, एकेका ‘शिक्षे’ने सगळं सुरू होतं. डेव्हिड पाहतो. पुष्कळ दिवस नुसता पाहतो. आणि आपण त्याच्याच डोळ्यांनी पाहत असतो, पान उलटत असतो, म्हणून ते पाहणं आपल्याही अंगाला चिकटतं. भीती रूथची वाटतेच. पण खरा घाम फुटतो तो आपण आणि डेव्हिड यांच्यात अंतर किती, या विचाराने. त्या पुस्तकानंतर मी दाराआडच्या आवाजाकडे कानाडोळा करू शकत नाही. रौद्रातून करुण म्हणतात ते हे.

याच केचमच्या पहिल्या कादंबरीचं काय झालं तेही सांगायला हवं. ‘ऑफ सीझन’ १९८० साली बॅलंटाइनने काढली. मेनच्या किनाऱ्यावरच्या नरभक्षक कुटुंबाची ही गोष्ट. प्रकाशकाने हिंसेची वर्णनं छाटायला लावली आणि लेखकाचा शेवट बदलायला लावला. मूळ संहिता वाचकांच्या हाती आली ती १९९९ साली. हे वाचताना मला तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ आठवलं. १९७० साली श्रीराम लागूंनी ते रंगभूमीवर आणलं, तेव्हा गर्भपात झालेल्या बाईच्या साडीवरच्या लाल डागाला सेन्सॉरने हरकत घेतली. शेवटी डाग निळा करावा लागला आणि तो लाल समजावा असं प्रेक्षकांना सांगण्यात आलं. बाईला लाथा मारून गर्भ पाडला जातो याची कुणाला एवढी अडचण नव्हती. अडचण रंगाची होती. कापणारे बहुतेक वेळा यातनेला हात लावत नाहीत, तिचा पुरावा तेवढा पुसतात.

या प्रकारात कचरा पुष्कळ आहे, हे मी त्याची चाहती म्हणूनच सांगते. अशी पुस्तकं आहेत ज्यांत पहिल्या पानावर बाई येते आणि दहाव्या पानावर तिचे तुकडे होतात. तिला काय आवडायचं, ती कुणाची कोण, कशाचाच पत्ता नाही. किळस वाढवत नेण्याची लेखकालेखकांत स्पर्धा लागलेली असते. असं पुस्तक मी मिटते. ते अश्लील आहे म्हणून मी मिटत नाही. ते पंचनाम्याइतकंच कोरडं असतं, आणि पंचनामे वाचायचे मला पैसे मिळतात. याउलट क्रिस्टोफर ट्रायानाची २०२० मधली ‘गॉन टू सी द रिव्हर मॅन’ पाहा. तुरुंगातल्या खुन्याच्या नादी लागलेली एक बाई त्याच्या सांगण्यावरून आपल्या अधू बहिणीला घेऊन नदीकाठाने निघते. तिच्यात भयंकर काय आहे ते जसजसं उलगडतं तसतसं वाईटही वाटत जातं. हा लेखक माणसाला वाऱ्यावर सोडत नाही.

असलं वाचायची गोडी का लागते? मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी मिरचीचं उदाहरण देऊन म्हटलं आहे, की धोका खरा नाही हे ठाऊक असलं की शरीराच्या त्रासाचीही माणसाला गोडी लागते. तांबडा रस्सा ओरपून नाक पुसणाऱ्या आम्हा कोल्हापूरकरांना हे पटवून द्यावं लागत नाही. कोल्टन स्क्रिव्हनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना करोनाच्या काळातल्या अभ्यासात भयपटांचे चाहते मानसिकदृष्ट्या जास्त तग धरून असलेले आढळले. दोन्ही गोष्टी बरोबर असतील. पण तग धरायला कुणी मेगची गोष्ट वाचत नाही.

ज्यांना वाचून पाहायचं आहे त्यांनी केचमच्या ‘द बॉक्स’ या कथेपासून सुरुवात करावी. तिला १९९४ सालचा ब्रॅम स्टोकर पुरस्कार आहे. रेल्वेत एक मुलगा अनोळखी माणसाच्या खोक्यात डोकावतो आणि त्या दिवसापासून जेवण सोडतो. कथा एवढीच, पण सहजी पिच्छा सोडत नाही. नंतर बार्करची ‘इन द हिल्स, द सिटीज’, जिच्यात युगोस्लाव्हियातली दोन गावं आपली माणसं एकमेकांना बांधून दोन राक्षस उभे करतात. पुढचं तुमच्या सोसण्यावर. घरात नुकतंच कुणी गेलं असेल, किंवा तुमच्यावर स्वतः असा प्रसंग गुदरला असेल, तर हे वाचू नका, आणि वाचलं नाही म्हणून कमीपणा मानू नका.

मराठी प्रकाशकांना आणि दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी एक विनंती आहे. ‘गिधाडे’ पचवलेल्या, ढसाळांचा ‘गोलपिठा’ पचवलेल्या वाचकाला भयकथेत मात्र अजून जिन्यावरच उभं करू नका. कुणी तरुण लेखक असं लिहून घेऊन आला तर त्यातली मेलेली माणसं आधी जिवंत होती का, एवढं तपासा. होती, असं वाटलं तर मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत सूचना छापा, वयाची अट घाला, आणि आतला एक शब्दही कापू नका.