दक्षिणेंतील कंधार : नगर, किल्ला व नामसाम्य

नांदेडहून दक्षिणेस निघालें असतां वाटेंत लोहा लागतें; तेथून जवळच मन्याड नदीच्या खोऱ्यांत कंधार हें प्राचीन नगर आहे. संग्राहकांनीं ह्या स्थलाचा परिचय करून घेणें दोन कारणांनीं अगत्याचें आहे. एक, राष्ट्रकूटकालापासूनचे अवशेष येथें एकत्र पाहावयास मिळतात. व दुसरें, फारसी लेखनांत ह्याचें व अफगाणिस्तानांतील कंदाहारचें नांव सारखेंच लिहिलें जात असल्यानें अस्सल कागदांचा अर्थ चुकीचा लागण्याचा संभव राहतो.

प्रथम प्राचीन नगराविषयीं. राष्ट्रकूट राजा कृष्ण तिसरा (इ. स. ९३९-९६७) ह्यास ‘कंधारपुरवराधीश्वर’ असें बिरुद लाविलेलें आढळतें. ‘कंधर’ हें ‘कृष्ण’ ह्या नांवाचेंच प्राकृत रूप होय. तेव्हां कंधारपुर म्हणजे कृष्णाचें नगर, हा अर्थ सरळ लागतो. एवढ्यावरून कंधार ही राजधानी होती असें मात्र ठरत नाहीं. ह्याच घराण्याच्या लेखांत ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ असेंही बिरुद येतें व लत्तलूर म्हणजे आजचें लातूर. परंतु त्या वेळींही राजधानी मान्यखेट हीच होती.

गांवालगतचा विस्तीर्ण तलाव जगत्तुंगसमुद्र ह्या नांवानें प्रसिद्ध असून, तें नांव येथील भग्न संस्कृत शिलालेखांतही आलें आहे. तो गोविंद तिसरा (इ. स. ७९३-८१४) ह्यानें बांधविला असें म्हणतात, कारण जगत्तुंग हें त्याचें बिरुद होतें. परंतु कृष्ण तिसरा ह्याच्या आजाचें नांवही जगत्तुंगच होतें. तो राज्यावर येण्यापूर्वींच वारला. यास्तव केवळ नामावरून निर्णय करणें युक्त नाहीं. क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे तुकडे येथें सांपडले आहेत. त्यांवरून मूळ मूर्तीच्या भव्यतेची कल्पना येते.

कंधारचा किल्ला भुईकोट असून त्याभोंवतीं पाण्याचा खंदक व दुहेरी तट आहे. आंत महालांचे अवशेष, मशीद व जुन्या शिल्पांचे खंड दृष्टीस पडतात. नगरांतील हाजी सय्याह सरवर मखदूम ह्यांचा दर्गाही प्रेक्षणीय आहे.

आतां नामसाम्याचा प्रश्न. अफगाणिस्तानांतील कंदाहार इ. स. १६२२ मध्यें इराणच्या शाह अब्बासानें जहांगीराकडून घेतलें, इ. स. १६३८ मध्यें अली मर्दानखानानें तें शाहजहानाच्या स्वाधीन केलें, आणि इ. स. १६४९ मध्यें तें मोगलांच्या हातून कायमचें गेलें. दक्षिणेंतील कंधार मात्र निजामशाहीशीं चाललेल्या युद्धांत नसीरीखानानें इ. स. १६३१ मध्यें मोगलांकरितां जिंकलें. ह्यावरून एक सुलभ कसोटी निघते. इ. स. १६३१ ते १६३८ ह्या काळांतील कागदांत मोगल किल्लेदार कंधारास असल्याचें दिसल्यास तें कंधार दक्षिणेंतीलच समजावें. १६३८ ते १६४९ ह्या अवधींत दोन्ही स्थळें मोगलांकडे असल्यामुळें ही कसोटी चालत नाहीं. तेथें नांदेड, उदगीर अशीं जवळचीं स्थलनामें कागदांत आहेत किंवा कसें, हें पाहिलें पाहिजे. १६४९ नंतरच्या मोगल कारभाराच्या कागदांत पुन्हां दक्षिणेंतील कंधाराचाच पक्ष बळकट होतो.

एखादी सनद चुकीच्या प्रांताच्या दप्तरांत गेली म्हणजे ती अभ्यासकास नष्ट झाल्यासारखीच होते. शिल्पखंडांचीही तीच गत. जागेवरून हालविलेला दगड आपली अर्धी साक्ष गमावून बसतो. म्हणून संग्राहकांनीं आपल्या याद्यांत ‘कंधार’ येईल तेथें कागदाचें वर्ष व शेजारचीं गांवें अवश्य टिपावीं, आणि कोणताही कोरीव खंड आढळल्यास तो न हालवितां त्याची जागा लिहून, अक्षरें असल्यास ठसा घ्यावा, अशी विनंती आहे.