घरी बसून परदेशी विद्यार्थी: टाळेबंदीतलं इंग्रजी

मागच्या खेपेला आपण विटगेनश्टाइनपाशी थांबलो होतो. आज त्याला घेऊन थोडं घराजवळ येऊ, म्हणजे इथेच, नवी मुंबईत.

२० मार्च २०२० ला ऑस्ट्रेलियाने बाहेरच्यांसाठी सीमा बंद केली. पाच दिवसांनी आपल्याकडे टाळेबंदी लागली. लस घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना तिकडे पुन्हा दार उघडलं ते १५ डिसेंबर २०२१ ला. मधली पावणेदोन वर्षं नेरुळ-खारघरची काही मुलं कागदोपत्री मेलबर्नची विद्यार्थी होती आणि बसत होती आईच्या ओट्याशेजारी. मेलबर्नचे सकाळचे नऊ म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात आपले पहाटेचे साडेतीन. सिडकोच्या दोन खोल्यांत बाकीचे गाढ झोपलेले, मग इंग्रजी बोलायचं तेही कुजबुजत.

या मुलांचं वाचन चांगलं, निबंध चांगले. पण तासाला चर्चा सुरू झाली की गप्प. आणि वर स्वतःच म्हणायची, आमचं इंग्रजीच कच्चं. हे निदान आम्हाला पटत नाही. का ते बघू.

दोन माणसं बोलतात तेव्हा एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला किती वेळ लागतो? २००९ साली दहा भाषांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न आणि उत्तर यांतलं अंतर सरासरी निघालं साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. जपानी लोक सगळ्यांत चटपटीत, डॅनिश सगळ्यांत सावकाश, पण फरक फार मोठा नाही. एवढ्या वेळात वाक्य जुळवणं अशक्य. म्हणजे समोरच्याचं बोलणं कुठे संपणार याचा अंदाज आपण आधीच घेतो आणि तो बोलत असतानाच आपलं उत्तर तयार करतो.

आता मराठीत हा अंदाज कशावरून येतो? क्रियापद बहुधा शेवटी येतं. ‘आहे’, ‘होतं’, ‘का?’, ‘ना?’ ऐकलं की कळतं, चला, आपली वेळ. इंग्रजीत क्रियापद लवकर येऊन जातं आणि मागे शेपूट कितीही लांबतं. तिथे शेवट ओळखायचा तो आवाजाच्या उतारावरून, श्वासावरून, नजरेवरून. वर्गात बसलं की हे कोणी न शिकवता अंगवळणी पडतं. पडद्यावर कॅमेरे बंद, आवाज अर्धा सेकंद मागे. मुलगी माईक सुरू करेपर्यंत दुसऱ्याने बोलायला घेतलेलं असतं. असं चारदा झालं की पाचव्यांदा ती माईकला हातच लावत नाही. यात व्याकरण कुठे चुकलं, सांगा बरं?

कुणी म्हणेल, दुरून भाषा शिकणं काय नवीन आहे? आनंदीबाई जोशी १८८० पासून न्यू जर्सीतल्या कारपेंटरबाईंना इंग्रजीत पत्रं लिहीत होत्या. फेब्रुवारी १८८३ मध्ये त्यांनी श्रीरामपूरला, म्हणजे कलकत्त्याजवळच्या, इंग्रजीत भाषण केलं आणि एप्रिलमध्ये अमेरिकेची बोट धरली. (गोपाळरावांच्या धाकाचा यात मोठा भाग, पण तो विषय आज नको.) पत्राच्या उत्तराला आठवडे लागत, तरी काही बिघडत नव्हतं, कारण पत्रात थांबणं हे ठरलेलंच असतं. आठवड्यांची वाट पत्राला चालते, बोलण्याला अर्धा सेकंदही जड जातो.

आता विटगेनश्टाइन. त्याचं १९५३ साली निघालेलं पुस्तक संत ऑगस्टिनच्या बालपणाच्या वर्णनापासून सुरू होतं. मोठी माणसं वस्तू दाखवत, नाव घेत, आणि पोर शब्द शिके. विटगेनश्टाइनचा आक्षेप असा की हे पोर जणू परक्या देशात आलंय, त्याच्याजवळ एक भाषा आधीच आहे, फक्त ही नाही. गंमत बघा, आपली नेरुळची मुलगी अगदी अशीच आहे! तिच्याजवळ मराठी आहे, इंग्रजी शब्दही आहेत. तरी अडतं, कारण शब्द ज्या व्यवहारात चालतात तो व्यवहार, मध्येच बोलणं, हसून विषय टाळणं, वर्गाबाहेर जिन्यात रेंगाळणं, हे तिला मिळालंच नाही.

परीक्षांनीही मदत केली नाही. मार्च २०२० पासून टोफेल घरून देता येऊ लागली. त्यात तेव्हा पहिल्या तोंडी प्रश्नाला १५ सेकंद विचार करायचा आणि ४५ सेकंद माईकशी बोलायचं असे. मध्ये कोणी अडवत नसे, कोणी मान हलवत नसे. भाषणाचा सराव होई, गप्पांचा होत नसे.

शिक्षकाला करण्यासारखं काही होतं का? होतं. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासिकेने १९७० च्या दशकातच दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. हे समोरासमोरच्या वर्गातलं. पडद्यावर त्याहून जास्त थांबायला हवं होतं, आणि नाव घेऊन विचारायला हवं होतं, म्हणजे कधी बोलायचं हा अंदाज बांधण्याचं ओझं मुलीवरून उतरलं असतं.

इथे थांबू. तुमचे प्रश्न घेऊ या, आणि आम्ही सावकाश थांबतो.