विश्लेषण : तिशीतच खुब्याचे हाड ‘मरू’ लागले, तर सांधा वाचवता येतो का?

करोनातून बरे झालेल्या तिघा तरुणांना दोनेक महिन्यांत खुब्याच्या दुखण्याने गाठले. तिघेही चाळिशीच्या आतले. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०२१ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये ही नोंद केली आणि ‘एव्हीएन’ म्हणजे अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस हे नाव बातम्यांत झळकले. तिघांनाही उपचारांत स्टेरॉइड दिली गेली होती. पण हा आजार करोनाने आणलेला नाही. दीर्घकाळ स्टेरॉइड, अतिमद्यपान, खुब्याजवळचे फ्रॅक्चर ही त्याची जुनी कारणे. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात आढळणारा सिकलसेल हेही एक.

हाड मरते म्हणजे काय?

मांडीच्या हाडाचा वरचा चेंडूसारखा भाग कमरेच्या खोबणीत फिरतो. त्याला रक्त पोहोचवणाऱ्या वाहिन्या मोजक्याच. त्या बंद पडल्या तर पर्यायी वाट जवळजवळ नाही. रक्त थांबले की हाडातील पेशी मरतात. गंमत अशी, की मेलेले हाड लगेच ढासळत नाही. काही काळ ते भार पेलत राहते. घात होतो तो शरीर दुरुस्तीला लागल्यावर. जुने हाड काढून टाकण्याचे काम भरभर होते, नवे मात्र सावकाश तयार होते. मधल्या काळात कूर्चेखालचा आधार पोखरला जातो. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे तर छप्पर शाबूत, पण खालचे टेकू काढलेले. मग एके दिवशी चेंडूचा गोल भाग दबतो.

सांधा वाचवणाऱ्या शस्त्रक्रियांची सगळी भिस्त चेंडू दबण्याआधीच्या या काळावर आहे.

या काळात काय करता येते?

सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे कोअर डिकम्प्रेशन. मांडीच्या बाजूने ड्रिल घालून मृत भागापर्यंत ८ ते १० मिलिमीटरचे एक, किंवा ३ मिलिमीटरच्या आसपासची अनेक छिद्रे पाडतात. आतला दाब कमी होतो, नव्या रक्तवाहिन्यांना वाट मिळते. अनेकदा रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून मगज काढून, त्यातील पेशी एकवटून तिथे सोडतात. शस्त्रक्रिया छोटी, पण नंतर काही आठवडे कुबड्या घेऊन त्या पायावरचा भार टाळावा लागतो. छिद्रामुळे हाड तात्पुरते कमकुवत झालेले असते, त्यामुळे इथे घाई महागात पडते.

मृत भाग मोठा असेल, तर पायातील फिब्युला हे बारीक हाड रक्तवाहिनीसकट काढून खुब्यात बसवतात. ती वाहिनी सूक्ष्मदर्शकाखाली जोडायची असते. काम तासन् तास चालते आणि ते करणारे हात थोडे. तिसरा मार्ग ऑस्टिओटॉमीचा : हाड कापून चेंडू असा फिरवायचा, की भार निरोगी भागावर येईल. जपानमध्ये सुगिओका यांनी १९७०च्या दशकात ही पद्धत रूढ केली.

हिंदुजातील त्या तिघांवर मात्र शस्त्रक्रिया झाली नाही. हाड झिजण्याचा वेग कमी करणारी बिस्फॉस्फोनेट औषधे दिली गेली. कारण निदान लवकर झाले होते.

मग सरळ सांधाच का बदलू नये?

‘लॅन्सेट’मधील २०१९च्या अभ्यासानुसार, कृत्रिम खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के २५ वर्षे टिकतात. सत्तरीतल्या माणसाला हा आकडा दिलासा देतो. तिशीतल्याला पंचावन्नाव्या वर्षी दुसऱ्या शस्त्रक्रियेची शक्यता दिसते, आणि ती पहिलीपेक्षा अवघड असते. तरीही चेंडू दबून सांधा झिजला असेल, तर छिद्रे पाडून फारसे हाती लागत नाही. तिथे वय कमी असले तरी सांधेरोपणच चालते-फिरते करते.

ओळखायचे कसे?

दुखणे बहुधा जांघेत असते, कधी गुडघ्यातही जाणवते. मांडी घालून बसणे जड जाते. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येतो आणि ‘स्नायू आखडला असेल’ म्हणून महिने जातात. वरीलपैकी एखादे कारण असेल आणि दुखणे हटत नसेल, तर एमआरआयबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. तोही दोन्ही खुब्यांचा, कारण अनेकांत दुसरी बाजू न दुखताच बाधित असते. चालू असलेली स्टेरॉइड मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका.