शासनाची हद्द कोठे संपते?

राज्यशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत ‘व्यक्तिस्वातंत्र्य आणि शासनसत्तेच्या मर्यादा’ यावर टीप लिहा, असा प्रश्न हटकून येतो. आपण जॉन स्टुअर्ट मिलचे नाव घेतो, त्याच्या १८५९ सालच्या ग्रंथाचा उल्लेख करतो आणि पाच गुण पदरात पाडून घेतो. परंतु या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या अगदी दाराशी घडलेले आहे. वाणगावहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसले की बोईसर, उमरोळी आणि मग पालघर. त्या पालघरमध्ये सुरू झालेल्या एका प्रकरणाने देशाच्या कायद्यातील एक कलम पुसले गेले. ते प्रकरण नीट समजून घ्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबई व आसपासचे व्यवहार बंद राहिले. पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. तेथील एका तरुणीने फेसबुकवर, हा बंद आदरापोटी नसून भीतीपोटी आहे, अशा आशयाचा मजकूर लिहिला. तिच्या मैत्रिणीने त्याला ‘लाइक’ केले. १९ नोव्हेंबरला दोघींना अटक झाली. न्यायालयाने त्यांना जामीन दिला. दरम्यान जमावाने एका नातलगाच्या दवाखान्याची मोडतोड केली. पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि मुलींवरील खटलाही बंद करण्यात आला. पण प्रश्न उरला तो हा की, मत मांडल्याबद्दल, किंबहुना दुसऱ्याचे मत आवडल्याबद्दल, अटक होऊच कशी शकते?

याचे उत्तर कायद्याच्या शब्दांत होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ हे २००८ च्या दुरुस्तीने आले. अतिशय आक्षेपार्ह मजकूर पाठविणे, किंवा खोटी माहिती पाठवून दुसऱ्यास त्रास वा गैरसोय होईल असे करणे, यासाठी त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती. आता ‘आक्षेपार्ह’ म्हणजे काय आणि ‘त्रास’ म्हणजे किती, हे ठरवावयाचे कोणी? नळाला पाणी का येत नाही, असे ग्रामसभेत कोणी विचारले तर सरपंचांना त्रास होणारच! ज्या कायद्यात ऐकणाऱ्याच्या रागावरून बोलणाऱ्याचा गुन्हा ठरतो, त्या कायद्याला कुंपणच नसते.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारविषयी ‘अप्रीती’ या शब्दावर सारा भर होता. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ लावला. म्हणजे सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा! टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. शब्द सैल असला की सत्ता किती पसरते, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

पालघरच्या घटनेनंतर श्रेया सिंघल या अवघ्या एकवीस वर्षांच्या दिल्लीतील तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने कलम ६६ अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. निकालातील एक भेद आपण सर्वांनी लक्षात ठेवावा असा आहे. एखाद्या विषयाची चर्चा करणे ही पहिली पायरी, त्याचा पुरस्कार करणे ही दुसरी आणि चिथावणी देणे ही तिसरी. पहिल्या दोन पायऱ्यांवर, मत कितीही अप्रिय असले तरी, शासनाला हात घालता येत नाही. घटनेच्या कलम १९(२) मध्ये भाषणस्वातंत्र्यावर बंधने घालण्याची आठ कारणे दिली आहेत. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी ही त्यांपैकी काही. कोणाला राग येणे हे त्या आठांत नाही.

याचा अर्थ शासनाला अधिकारच नकोत, असा मात्र नव्हे. दवाखाना फोडणारा जमाव रोखणे हे शासनाचेच काम होते, आणि त्याबद्दल पुढे काही जणांना अटकही झाली. दगड मारणाऱ्याला अडविण्याचा अधिकार शासनाला आहे. प्रश्न विचारणारीला अडविण्याचा नाही. शासनाची हद्द येथे संपते.

आता थोडे आपल्याविषयी. आमच्यापैकी अनेकांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे आम्ही पहिलेच. मिरचीच्या वाडीत किंवा तारापूरच्या कारखान्यात राबणाऱ्या आईवडिलांना ‘पोलिसांनी बोलावले आहे’ एवढे शब्दही पुरेसे असतात. ‘आपण गप्प बसावं’ हा त्यांचा उपदेश भित्रेपणाचा नाही. वकील कोठून आणावा आणि बुडालेली मजुरी कोण देईल, हा त्यामागचा हिशेब असतो. म्हणूनच घटनेचे कलम २२ परीक्षेपुरते वाचून चालणार नाही. अटकेचे कारण सांगितलेच पाहिजे, वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे. अपवादात्मक परिस्थितीखेरीज स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. तशी वेळ आलीच तर महिला पोलीस अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ही तरतूद कायम आहे.

आणखी एक गोष्ट. कलम ६६ अ रद्द झाल्यावरही देशात अनेक ठिकाणी त्याखाली गुन्हे नोंदविले जात राहिले. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला की, या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये. दिल्लीतील निकाल आपल्या पायांनी चालत गावच्या पोलीस ठाण्यात पोहोचत नाही. तो तेथे ठाऊक असणारा कोणीतरी असावा लागतो. गावात दोन-चार जण तरी आता कॉलेजात शिकतात. ते काम त्यांनी करावयाचे नाही, तर मग कोणी करावयाचे?