गुलाब हवा, पण वासाचा!

हल्ली वाढदिवस असो, बारसं असो, घरात फुलांचे गुच्छ येतातच. वरचा चकचकीत कागद सोडवला की आपला हात आपोआप एखादं फूल नाकाशी नेतो, आणि तिथे वासाचा पत्ताच नसतो! तळेगाव-मावळ भागातल्या पॉलिहाऊसमधून असे गुलाब गाड्या भरभरून जातात. लांब दांडा, शीतपेटीतला प्रवास सोसणारी पाकळी आणि फुलदाणीत आठवडाभर टिकण्याची ताकद, एवढं बघूनच त्या जाती निवडलेल्या असतात. ह्या निवडीत वास मागे पडला. पिकवणाऱ्यांचा त्यात दोष नाही, बाजाराला जे हवं ते ते देतात.

आमच्या घरी मात्र ही गोष्ट जरा जास्तच लागली. सासूबाईंची नजर काचबिंदूने गेली त्याला आता सहा वर्षं झाली. त्यांच्या पंच्याहत्तरीला कुणी तरी दोन डझन गुलाबांचा गुच्छ आणला. त्यांनी तो दोन्ही हातांनी चेहऱ्याजवळ धरला आणि हळूच मला विचारलं, ''कागदी आहेत का गं?''

त्याच रात्री ठरवलं, आपल्या अंगणात वासाचा गुलाब लावायचा. अंगण म्हणजे काय, तर घराच्या पूर्वेला, जिना आणि कुंपणाची भिंत यांच्यामधली बारा फूट लांब नि पाच फूट रुंद पट्टी. आमच्या नाशिकला मोगलांच्या काळी गुलशनाबाद म्हणत. तेव्हा एवढी पट्टी पुरायला हरकत नव्हती!

आता जात कुठली घ्यायची? आपण ज्याला 'कलमी गुलाब' म्हणतो तो बहुधा हायब्रीड टी असतो. चीनकडून आलेले टी गुलाब आणि युरोपातले जुने गुलाब यांच्या संकरातून हा वर्ग निघाला. एका दांड्याला एकच मोठं फूल आणि निमुळती, डौलदार कळी ही त्याची खूण. यातला पहिला म्हणून ज्याचं नाव घेतात तो 'ला फ्रान्स', फ्रान्समधल्या लियाँ शहरात गियो नावाच्या बागवानाने १८६७ मध्ये काढला. तो गुलाबीच होता आणि चांगला वासाचा होता. म्हणजे आपण काही जगावेगळं मागत नाही! आपल्याकडच्या रोपवाटिकांत गुलाबी आणि सुवासिक अशी दोन नावं जरूर विचारा. एक दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची 'मृणालिनी' आणि दुसरी अमेरिकेत १९६३ मध्ये निघालेली 'आयफेल टॉवर'. मी दुसरी निवडली. हे झाड नावाप्रमाणे सरळ उंच जातं, आडवं फारसं पसरत नाही, म्हणून चिंचोळ्या जागेला सोयीचं. शिवाय काटे त्या मानाने कमी. सासूबाई फूल हातानेच शोधणार, तेव्हा हे बघणं भागच होतं.

आणि इथे माझी फजिती झाली. ती सांगते, म्हणजे तुमची होणार नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी एका फिरत्या विक्रेत्याकडून रोप घेतलं. वर छान रंगीत चित्राची पट्टी होती, फूल मात्र नव्हतं. आषाढ-श्रावणात त्याला असे काही जोमदार फुटवे आले की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवत सुटले. पाच फूट उंच गेलं, पण दिवाळी गेली, संक्रांत गेली, कळी नाही. अखेर होळीच्या सुमारास फुलं आली, ती बारीक, पांढुरकी, झुपक्यांनी! मी एक झुपका सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी एकेक पाकळी चाचपली. ''पाचच पाकळ्या? मला झाडापाशी ने बघू.''

खाली बसून त्यांनी बुंध्याशी बोटं फिरवली. फांदी कुठून निघते ते बघत बघत बोट मातीत गेलं. ''अगं, हे कलमाच्या गाठीखालून आलंय. वरचं कलम कधीच वाळलं. आंब्याचं नाही का होत, हापूसचं कलम मरतं आणि खालचा रायवळ माजतो?'' कोकणातल्या बागाइतदाराची लेक ती! दहा महिने डोळे उघडे ठेवून मला जे दिसलं नाही, ते त्यांच्या बोटांना एका मिनिटात कळलं.

तर पहिली गोष्ट ही. कलमी गुलाब दोन झाडं मिळून झालेला असतो. खाली रानटी गुलाबाचा खुंट आणि त्यावर भरलेला हव्या त्या जातीचा डोळा. जिथे डोळा भरतात तिथे गाठ दिसते. त्या गाठीखालून जे काही फुटेल ते खुंटाचं, आपलं नव्हे. तो फुटवा जोरात वाढतो आणि वरच्या कलमाला उपाशी मारतो. सात पानांची पर्णिका ती जंगली, पाचांची ती कलमी, असं आपण ऐकतो, पण कलमी गुलाबालाही कधी कधी सात येतात. तेव्हा पानं मोजू नका, फुटवा निघतो कुठून ते पाहा. माती थोडी उकरून तो मुळापासून ओढून काढा. वरच्या वर कापलात तर एकाचे तीन होतील.

दुसरी गोष्ट, रोप हिवाळ्यात, झाडावर फूल असताना घ्या आणि वास घेऊनच घ्या. वास हा जातीच्या रक्तातच असावा लागतो. २०१५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवलं की सुवासिक गुलाबाच्या पाकळीत वास तयार करायला मदत करणारं एक विकर भरपूर असतं आणि बिनवासाच्या गुलाबात ते जवळजवळ नसतंच. म्हणजे मूळचा वास नसेल, तर कितीही खत घातलं तरी तो येणार नाही.

दुसरं रोप मी असं पाहून आणलं. आमची माती काळी, चिकट. गुलाबाच्या मुळाशी पाणी साचलं की संपलंच! म्हणून दीड फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डा खणून तळाला विटांचे तुकडे घातले. वर पोयटा माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. वाळवीलाही पेंडीने थोडा आळा बसतो. कलमाची गाठ मातीच्या वर दोन बोटं राहील असं लावलं. जागा अशी पाहा की सकाळचं निदान पाच-सहा तास ऊन मिळेल. दोन झाडांत अडीच फूट अंतर ठेवा. अंगणच नसेल तर चौदा इंची कुंडी घ्या, बारा इंचाच्या खाली जाऊ नका. चहाचा चोथा घालायचाच असेल तर धुऊन घाला, नाही तर साखरेने मुंग्या येतात. शेंगदाण्याची पेंड चार दिवस भिजवून, फिक्या चहासारखी पातळ करून महिन्यातून दोनदा द्यावी. तिला वास भयंकर येतो हं, पाहुणे येणार असतील त्या दिवशी नको!

छाटणीला आपण बायका फार घाबरतो. हिरव्यागार फांद्या कापायच्या म्हणजे जिवावर येतं. पण आपल्याकडे पाऊस सरला की ऑक्टोबरच्या मध्याला छाटणी हवीच. वाळक्या, आत वळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या आधी काढा. चार-पाच निरोगी फांद्या ठेवून त्या निम्म्यावर आणा. बाहेरच्या बाजूच्या डोळ्यावर पाव इंच ठेवून तिरका काप घ्या. कात्री धारदार हवी, स्वयंपाकघरातली नको. कापलेल्या तोंडांना मोरचूद-चुन्याचा लेप लावा, म्हणजे शेंड्याकडून फांदी काळी पडत खाली येते ती मर लागत नाही. लागलीच, तर हिरवा भाग दिसेपर्यंत कापून टाका, दयामाया नको. छाटणीनंतर साधारण पंचेचाळीस दिवसांनी बहर येतो. तो डिसेंबरच्या सुरुवातीला सरला की कोमेजलेली फुलं दोन-तीन पानांसकट कापा, पुढचा बहर संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या आसपास मिळतो.

औषधांचं काय, असं तुम्ही विचारालच. ज्या फुलात कुणी रोज नाक खुपसणार, त्यावर विषारी फवारा मी मारत नाही. मावा दिसला तर लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि थोडं रिठ्याचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारते. उन्हाळ्यात लाल कोळी होतो, तेव्हा पानांच्या पाठीवर सकाळी नुसत्या पाण्याचा जोराचा फवारा. दांड्यावरची खवले कीड जुन्या टूथब्रशने घासून काढते. पावसाळ्यात काळे ठिपके पडलेली पानं वेचून केरात टाकावीत, झाडाखाली ठेवू नयेत. दोन-चार पानं खराब राहतात, राहू देत. मला प्रदर्शनात बक्षीस थोडंच मिळवायचंय!

आणि हो, वास घ्यायचीही वेळ असते. कळी निम्मी उमलली की आणि सकाळचं ऊन नुकतंच कोवळं तापलं की वास सगळ्यात भरून येतो. दुपारच्या झळीत तो उडून जातो. देवासाठी किंवा फुलदाणीसाठी फूल काढायचं ते भल्या सकाळीच काढावं, दांडा लगेच पाण्यात बुडवावा. आयफेल टॉवर फुलदाणीत तीन-चार दिवस टिकतो. बाजारातला त्याहून जास्त टिकेल, हे कबूल.

ह्या डिसेंबरात आमच्या झाडाला एका वेळी सात फुलं होती. सासूबाई रोज आठच्या सुमाराला जिन्याच्या पायरीवर येऊन बसतात. एक दिवस मी वर्गाला जायच्या घाईत होते तर त्यांनी हाक मारली, ''अगं, डावीकडचं आज उमललं बघ. जाताना केसात घालून जा.''

मी वळून पाहिलं. डावीकडचंच होतं.